घरचा जामीन

प्रिय पेरिजात,

हे पत्र शैलोबेकच्या मिनीबसनं पाठवतो आहे. पाकीट आरशामागे खोचायचं नाही, आतल्या खिशात ठेवायचं आणि तुझ्याच हातात द्यायचं, असं त्याला दोनदा बजावलंय. गेल्या खेपेला तुझ्यासाठी दिलेलं वाळवलेलं मांस त्यानं कोचकोरच्या थांब्यावर भलत्याच मुलीला दिलं होतं. जाब विचारला तर म्हणतो कसा, "बाइके, तीही चांगल्या घरचीच वाटली." फोन का केला नाही, असं तू विचारशीलच. फोनवर तू रडतेस, मी ओरडतो आणि सांगायचं ते राहून जातं. शिवाय मला गोष्ट क्रमानं सांगायची असते, आणि फोनवर क्रम टिकत नाही. मंगळवारी कोर्टात काय झालं ते पहिल्यापासून सांगतो, निकाल शेवटी. आधी सांगितला तर बाकीचं तू वाचणार नाहीस. ताटातलं मांस आधी उचलून शेवया तशाच ठेवायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

प्रश्न काय होता तो मात्र नीट मांडून ठेवतो, कारण तुझ्या कागदामुळे तो जरा गुंतला. माझ्यावरचा सक्तीच्या उपचाराचा हुकूम उठवायचा, की आणखी सहा महिने वाढवायचा, एवढंच ठरायचं होतं. दवाखान्याची समिती म्हणाली होती की घरचं कुणी जामीन राहिलं तर हुकूम उठवायला आमची हरकत नाही. आणि तू, मला एका शब्दानं न विचारता, बिश्केकच्या नोटरीकडे जाऊन तो कागद करून पाठवलास: हुकूम उठला की महिनाअखेरीला दातांच्या कवळ्यांची कार्यशाळा सोडून नारिनला येईन, वडिलांसोबत राहीन. कागद आला त्या दिवशी मला आनंद झाला, हे लपवत नाही. घरात तुझी आई गेल्यापासून रोजचं असं दुसरं ताट मांडलेलं नाही.

तर मंगळवार. न्यायाधीश नवा आहे, तुझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल. कोर्टात 'नागरिक' म्हणायचं असतं, पण त्याच्या तोंडून सवयीनं सारखं, थोरल्या भावाला म्हणावं तसं, 'बाइके' निघत होतं आणि मग तो खाकरून दुरुस्त करत होता. खोली थंडगार. गरम पाण्याच्या पाइपांना उतार उलटा दिलाय, पाणी फिरणार कसं? पण मी बोललो नाही. दवाखान्याच्या दामिरा डॉक्टरांनी दारातच सांगून ठेवलं होतं, "इशेनबेक, आज कृपा करून भिंतींविषयी आणि पाइपांविषयी काही बोलायचं नाही." लेखनिकेनं जुना हुकूम वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर मला हात वर करावा लागला. त्यात लिहिलंय, 'घर तापवण्याचे साधन उद्ध्वस्त केले.' आधीच्या सगळ्या सुनावण्यांत तेच वाक्य उतरत आलंय. मी म्हटलं, उद्ध्वस्त नाही, उतरवलं. धुरांड्याकडून खाली, थराथरानं. साबूत विटा भिंतीशी रचल्या, तडकलेल्या वेगळ्या ठेवल्या. न्यायाधीश म्हणाला, "बाइके, बाहेर उणे तीस असताना म्हातारीची भट्टी उतरवली काय न् फोडली काय, फरक काय पडतो?" मी म्हटलं, "म्हातारीला पडत नाही, कागदाला पडतो." त्यानं माझ्याकडे बघितलं, मग लेखनिकेकडे बघितलं आणि शब्द बदलायला सांगितला. दामिरा डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

ती भट्टी उतरवली त्या जानेवारीबद्दल आपण दोघं कधी नीट बोललोच नाही. तू इस्पितळात आलीस तेव्हा मी बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो, आणि नंतर तू तो विषय टाळत गेलीस. लोकांना वाटतं वेड म्हणजे धुकं. धुकं नव्हतंच. इतकं लख्ख मला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. मी बांधलेल्या प्रत्येक भट्टीच्या सांध्यांतून विषारी हवा शीळ घालत बाहेर पडते आहे, नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं अंथरुणात मरणार आहेत आणि ती माझ्या हातानं मरणार आहेत. ती शीळ मी कानानं ऐकत होतो, तू हे वाचते आहेस ना, तितकी खरी. उमसुनाय आजीकडे मी सकाळी गेलो. तिला वाटलं धुरांडं झाडायला आलो. चहा ओतला, कणकेचे तळलेले बोर्सोक पुढे सरकवले, आणि मी विटा काढायला लागलो तशी म्हणाली, "अरे, चहा तरी घे आधी, विटा काय पळून जातायत?" शेजारी येऊन मला धरेतोवर अर्धी भट्टी खाली होती. आजीला थंडी बाधली, छाती भरली, ती महिनाभर इस्पितळात होती. पुढे शुद्धीवर आल्यावर मी त्या विटा एकेक करून तपासल्या. आतून कुठेही नको त्या जागी काजळीची रेघ नव्हती. भट्टी निर्दोष होती.

कोर्टानं तेव्हा म्हटलं, हा गुन्हा नाही, आजार आहे. आधी कुलपातलं इस्पितळ, मग घरी राहायची मुभा. पण दर महिन्याला दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्यायची आणि रोजच्या गोळ्या घ्यायच्या. गेलो नाही तर हवालदार दारात, आणि पुन्हा कुलूप. हे कायद्यात लिहिलेलं आहे, मी स्वतः वाचलंय. मला भट्टी कुणी शिकवली नाही आणि कायदाही कुणी शिकवला नाही. भट्टी मी मोडक्या भट्ट्या उतरवून, प्रत्येक थर कागदावर काढून शिकलो. कायदा तसाच शिकलो, कलम कलम उतरवून. वाचनालयातली बाई काही दिवस मला वकीलसाहेब म्हणत होती. मग तिला कुणीतरी सांगितलं असावं, कारण आता ती पुस्तक देते आणि टेबलापासून जरा लांब उभी राहते.

दवाखान्याच्या यादीत नाव असलेल्या माणसाला सगळं गाव काय म्हणतं ते तुला माहीत आहे: उचोतवर उभा आहे. दुकानदार माल मोजायला बसले की दारावर पाटी लावतात तीही 'उचोत'. रशियनांनी एकच शब्द दोन कामांना लावला, काटकसरी लोक. परवा मी पाव घ्यायला गेलो तर दुकानवाली बुरुल दार लावून घेत होती. "आज उचोत आहे," म्हणाली आणि लगेच जीभ चावली. मी म्हटलं, "असू दे, मीही आहे." ती इतकी हसली की माल मोजायचा सोडून आतून पाव आणून दिला. पण सगळेच हसत नाहीत. वरच्या आळीत नवीन घर बांधणाऱ्यानं मला भट्टीचं काम सांगितलं, माती पाहायला मी गेलोही, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं निरोप पाठवला की बायको म्हणते विजेचा हीटरच बरा. त्याच्या घरात अजून वीज नीट येत नाही.

सुई टोचणारी कुलिपा परिचारिका तुला आठवत असेल, रुंद चेहऱ्याची, तोंडानं फटकळ. तिच्याशी माझा वाद चालतो. आपल्या शेजारच्या कोइचुमानचं एक बोट साखरेच्या आजारानं कापलंय, दुसरं काळं पडतंय, आणि तो आजही बोर्सोकवर जर्दाळूचा मुरंबा थापून खातो. काही बोललं तर म्हणतो, "बोट माझं, मुरंबा माझा." मी कुलिपाला विचारलं, त्याला का गं धरून सुई टोचत नाही तुमचं सरकार? ती सुईत औषध ओढता ओढता म्हणाली, "कारण कोइचुमान दुसऱ्याच्या घरात घुसून मुरंबा खात नाही. पालथा हो." मी पालथा झालो. पण नंतर बाकावर बसल्या बसल्या मी बघितलं, माझ्याबरोबर रांगेत असलेल्यांपैकी निम्मेअधिक जण कुणाच्याच घरात कधी घुसलेले नाहीत. एक शाळामास्तर आहे, तो फक्त घराबाहेर पडायचा थांबला होता. त्यालाही तीच सुई. हे मी कुलिपाला म्हटलं तेव्हा मात्र तिनं रांगेतल्या पुढच्याला हाक मारली.

दामिरा डॉक्टरांशी माझा वाद निराळा. त्या शिकलेल्या आहेत, ऐकून घेतात. गेल्या सुनावणीआधी त्या म्हणाल्या, "तुम्ही आता चांगले आहात, ते औषधामुळे." मी म्हटलं, मग हुकूम उठवा. त्या म्हणाल्या, "हुकूम आहे म्हणून औषध आहे." म्हणजे बिघडलो तर हुकूम हवाच, आणि सुधारलो तर हुकुमामुळे सुधारलो म्हणूनही हवा. मी विचारलं, "दामिरा ओमुरोव्ना, मी नक्की काय केलं म्हणजे हुकूम नको होईल ते एकदा सांगा, मी ते करतो." त्या हसल्या नाहीत. "हा प्रश्न मलाही पडतो," म्हणाल्या, "फक्त अहवालात तो लिहायला जागा नाही." आणि उलटंही आहे. मी सुईला नाही म्हणतो तेव्हा तो नकार माझा, की शीळ ऐकणाऱ्या त्या माणसाचा, हे त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही नाही. मी होय म्हणतो तेव्हा मात्र ते होय कुणाचं असं कुणी विचारत नाही.

सुई फुकट येत नाही. ती टोचल्यावर पहिला आठवडा माझे हात माझ्या मागून येतात. थापी उचलायची म्हटलं की मन आधी पोचतं आणि हात नंतर. ओळंबा सोडला की दोरी स्थिर होते, मी होत नाही. वीट बसवताना मी पूर्वी बोटाच्या पेरानं सांध्याची जाडी सांगायचो, आता पट्टी लावून मोजतो. उमसुनाय आजीची भट्टी मी या उन्हाळ्यात पुन्हा बांधली, ते तुला फोनवर सांगितलं होतं. कशी बांधली ते सांगितलं नाही. लोखंडी टिपाडाच्या भट्टीवर तिनं मधले हिवाळे काढले होते. तिच्याच जुन्या विटा, नवी माती, आणि मी. कोरड्या विटा आधी मांडून बघायच्या, मग भिजवायच्या, मग थर. पूर्वी आठवड्यात उभी राहिली असती, या वेळी जवळजवळ अख्खा उन्हाळा गेला. आजी ओसरीत लोकर पिंजत बसायची आणि हाक मारायची, "इशेन, माझं थडगं याहून लवकर बांधून होईल रे!" तिसऱ्या थरात एक वीट केसभर कलती आहे. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. मला दार उघडल्याबरोबर दिसते. पण भट्टी ओढते चांगली. पहिला विस्तव घातला तेव्हा धूर सरळ वर गेला, आणि मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. आत फक्त आग होती.

तर कोर्टात आजी आली होती. कुणी बोलावलं नव्हतं. साक्षीदार म्हणून नाव होतं जुन्या कागदात, तेवढ्या बळावर डोक्याला पांढरा रुमाल बांधून येऊन बसली. न्यायाधीशानं विचारलं, या माणसाची तुम्हाला भीती वाटते का? "भीती थंडीची वाटते," आजी म्हणाली. "यानं मोडली होती, यानंच बांधली. आता धुरांडं झाडायला दर वर्षी यालाच यायला हवं, आणि तुमच्या त्या सुईनं हा कासव झालाय. मला कासव नको, गवंडी हवा." न्यायाधीशानं तोंडावर कागद धरला. दामिरा डॉक्टरांनी मग समितीचं म्हणणं वाचलं: प्रकृती स्थिर, सूचनांचं पालन, घरचा जामीन उपलब्ध, हुकूम उठवण्यास हरकत नाही. आणि शेवटी तुझा कागद वाचला गेला. 'मी, खाली सही करणार, वडिलांसोबत कायम राहीन, त्यांना रोज औषध देईन, वागण्यात बदल दिसल्यास ताबडतोब कळवीन.' शेवटचं वाक्य नोटरीचं आहे, तुझं नाही, एवढं मला कळतं. पण ते तुझ्या नावानं वाचलं गेलं. न्यायाधीशानं फाइल मिटली आणि म्हणाला, "घरचा जामीन आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला." पेरिजात, तू खोली बघायला हवी होतीस. सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. डॉक्टरांचे, लेखनिकेचे, दाराशी उभ्या हवालदाराचेसुद्धा. आपल्याकडे हे असंच आहे. घरचं माणूस जामीन राहिलं की सगळं गाव सुटतं. त्यानंतर त्या घरात काय चाललंय ते कुणी विचारायचं नसतं, विचारणं म्हणजे त्या घराचा अपमान.

आता सप्टेंबरात तू आली होतीस त्या दिवसांबद्दल लिहितो. तू रागावू नकोस, मी रागावलेलो नाही. तू माझ्या चहाच्या पेल्यात डोकावत होतीस. गोळी घेतल्यावर मला उगाच बोलतं करायचीस, जिभेखाली तर नाही ना म्हणून. मी भट्टीची झडप सरकवली की थोड्या वेळानं तू मागून जाऊन तिला हात लावून यायचीस. "बाबा, झोप लागली का?" हे तू ज्या आवाजात विचारायचीस तो तुझा आवाज नव्हता, तो दवाखान्याचा आवाज होता, फक्त तुझ्या गळ्यातून येत होता. मी तुझ्या जागी असतो तर तेच केलं असतं, आणि तुझ्यापेक्षा कडक केलं असतं. पण गुरुवारी तू ओट्याशी कणीक मळत होतीस आणि मला शीळ ऐकू आली. बारीक, भट्टीच्या डाव्या अंगानं. किटली नव्हती, किटली बाहेर अंगणात होती, मी खात्री केली. तू मान वळवून विचारलंस, "बाबा, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, कंबर धरली." तू माझ्या कंबरेला शेक दिलास. रविवारी तू गेलीस, मिनीबसच्या खिडकीतून हात हलवत होतीस, चेहरा हलका झालेला. मीही हात हलवत होतो. शीळ चालूच होती.

सोमवारी माझी पाळी नव्हती तरी मी दवाखान्यात गेलो. कुलिपा जेवत होती. मी म्हटलं, "शीळ आली." ती म्हणाली, "कोणत्या बाजूनं?" "डावीकडनं." "भट्टी उतरवलीस?" "नाही." "कुणाचीच नाही ना? बघ, आठव." "कुणाचीच नाही." "मग बस, हा चहा घे, डॉक्टरीण येईल इतक्यात." एवढंच. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही, तोंडातला घास तिनं गिळलासुद्धा सावकाश. दामिरा डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, आणि आठवड्याभरात शीळ गेली. समितीला त्यांनी ते कळवलं, आणि समितीनंही ते माझ्या बाजूनंच धरलं: रोगी स्वतः येऊन सांगतो. स्वतः येऊन सांगतो हे खरं. कुणाला सांगतो, हे कुणी विचारलं नाही. तुझ्या तोंडाकडे बघून मी खोटं बोललो आणि कुलिपाच्या तोंडाकडे बघून खरं. कुलिपाचं माझ्यावाचून काही अडत नाही. मी बिघडलो तर ती एक फोन फिरवेल आणि उरलेला घास खाईल. तुला मी सांगितलं असतं, तर तुझा चेहरा मला बघावा लागला असता, आणि ते मला जमणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षीही नाही. तू जामीन असशील तर मी रोज 'कंबर धरली' म्हणेन, तू रोज शेक देशील, आणि एके सकाळी मी कुणाच्यातरी घरात विटा काढत असेन.

म्हणून न्यायाधीशानं फाइल मिटली तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, "हा जामीन मला मान्य नाही." खोलीतले खांदे पुन्हा वर गेले. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला सुटायचं नाही?" मी म्हटलं, "सुटायचं आहे. सुटकेचा माझा अर्ज तसाच आहे, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. फक्त मला सोडवायला तिसऱ्या माणसाला डांबू नका." तो म्हणाला, "मुलगी आपणहून सही करते आहे, बाइके. डांबतंय कोण?" मी म्हटलं, "माझी फाइल दर सहा महिन्यांनी उघडते. समिती बसते, तुम्ही बसता, मी हरकत घेतो, शब्द बदलून मिळतो. हिनं एकदा सही केली की हिला सोडायचं की नाही हे बघायला कुठलं कोर्ट बसणार आहे? कायद्यात कलम असेल तर दाखवा, मी शोधलंय." त्यानं बराच वेळ कागद चाळले. मग म्हणाला, "पण जामीन नसेल तर समिती हुकूम वाढवायलाच सांगणार. तुम्ही स्वतःच तो ओढवून घेताय. आणि स्वतः मागितली तर ती सक्ती कशी राहील? मी लिहू काय?" तेवढ्यात बाकावरून उमसुनाय आजी ओरडली, "अरे, किती शुद्धीत बोलतोय तो! आता तरी सोडा त्याला!" न्यायाधीश म्हणाला, "आजी, शुद्धीत बोलतोय तीच तर अडचण झाली आहे."

त्यानं शेवटी लिहिलं. हुकूम आणखी सहा महिने वाढवला. जामिनाचा कागद रोग्याच्या हरकतीवरून परत. माझं म्हणणं माझ्याच शब्दांत नोंदवून घेतलं, मी दोनदा वाचून बघितलं. दामिरा डॉक्टरांनी तिथेच सांगितलं की सुईचं औषध थोडं उतरवून बघू, हातांचं काय होतं ते बघू, आणि तेही नोंदीत घ्यायला लावलं. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "इशेनबेक, हे तुम्ही मला आधी सांगितलं असतं तर?" मी म्हटलं, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला समजावलं असतं." मी हरलो असं मात्र धरू नकोस. उन्हाळ्यात पुन्हा सुनावणी आहे. तेव्हा मी पुन्हा सुटका मागणार, या वेळी कुणाच्या कागदाशिवाय. शीळ आली की आपल्या पायांनी चालत कुलिपाकडे जातो हे मी स्वतः मांडीन, आणि मग बघू कायदा काय म्हणतो. वाढवतील तर पुन्हा मागेन.

तर हे पत्र कशासाठी, ते आता. उद्या सकाळी कार्यशाळेत गेल्यागेल्या तुझ्या उस्ताद बाईंना सांग की तू कुठेही जात नाहीस. त्या तुझी जागा महिनाअखेरपर्यंतच रिकामी ठेवणार, हे तूच म्हणाली होतीस. दात कसा बसतो हे तुला जिभेला कळायच्या आधी बोटाला कळतं, असं त्या म्हणाल्याचं तू सांगितलंस, तेव्हा मी काही बोललो नव्हतो. मी ते अख्ख्या आळीला सांगत फिरलो. तू चिडशील. म्हणशील, मला न विचारता, माझ्या भल्यासाठी म्हणून, तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. खरं आहे. माझ्या बाबतीत हेच होतं तेव्हा मी कलमं काढून भांडतो, तेव्हा तूही भांड. लेखी हरकत घे, मी उत्तर देईन, आणि तुझं म्हणणं बरोबर निघालं तर शब्द बदलेन. पण नोकरी सोडू नकोस. मुलगी घरात पाहुणी असते, असं आपल्यात म्हणतात. मला ही म्हण कधीच आवडली नाही, पोटच्या पोरीला पाहुणी काय म्हणायचं. या वेळी मी ती शब्दशः घेतो आहे. वसंतात, नूरुजच्या सणाला ये. भट्टीजवळच्या मानाच्या जागी बस, चहा मी ओततो. मला विचार, बाबा, कसे आहात. मी म्हणेन, बरा आहे. आणि तू त्यावर विश्वास ठेव, पेल्यात डोकावू नकोस. खरं काय ते तपासायला सरकारनं दुसरं माणूस नेमलेलं आहे.

तुझाच,
बाबा